व्हेनमचा पहिला पूर्ण अंक: 'द अमेझिंग स्पायडर-मॅन', क्रमांक 300

'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा 300 वा अंक मे 1988 ची तारीख घेऊन आला, तेव्हा मार्व्हलच्या या मालिकेला 25 वर्षे पूर्ण झाली होती. अशा प्रसंगी जुन्या शत्रूंनाच पुन्हा एकत्र आणणे सोपे होते; परंतु लेखक डेव्हिड मिशेलिनी आणि चित्रकार टॉड मॅकफार्लेन यांनी व्हेनम हा नवा खलनायक वाचकांपुढे उभा केला. नागपुरातील आजच्या तरुण वाचकाला व्हेनम ठाऊक आहे तो प्रामुख्याने 2018 पासूनच्या चित्रपटांमुळे, आणि सीताबर्डीवर जुनी इंग्रजी कॉमिक्स चाळतानाही तो त्याची लांब, लाळ गाळणारी जीभच शोधतो. या अंकात ती जीभ नाही; ती पुढे एरिक लार्सन या चित्रकाराच्या हातून वाढली. येथे आहे ते दातांनी भरलेले, ताणलेले हसू, आणि मला ते अधिक भयंकर वाटते, कारण त्यामागचा माणूस अजून पुरता झाकला गेलेला नाही.

या खलनायकाचे खरे बळ त्याच्या ताकदीत नाही. ज्या परग्रही सजीव पोशाखाने त्याला घडवले, तो पोशाख एकेकाळी पीटर पार्करच्या, म्हणजे खुद्द स्पायडर-मॅनच्या, अंगावर होता. त्यामुळे पीटरला संकटाची आगाऊ सूचना देणारी त्याची अंतःप्रेरणा व्हेनमच्या बाबतीत जागीच होत नाही, आणि पीटर कोण आहे, कोठे राहतो, हेही व्हेनमला माहीत असते. आदल्या अंकाच्या शेवटी तो थेट घरात शिरून पीटरची पत्नी मेरी जेन हिच्यासमोर उभा राहतो. तिच्या त्या भीतीपासून हा अंक सुरू होतो आणि नवविवाहित जोडप्याला राहते घर सोडणे भाग पडते. इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळावर वाढलेल्या आपल्याकडील पिढीला नायकाचा मुखवटा म्हणजे अभेद्य कवच वाटत असे. तो मुखवटा ज्याच्यापुढे आधीच निकामी झाला आहे असा शत्रू काय करू शकतो, हे या घर बदलण्याच्या साध्या प्रसंगांतून जितके जाणवते तितके हाणामारीतून जाणवत नाही.

व्हेनमच्या पोशाखातला माणूस म्हणजे पत्रकार एडी ब्रॉक; त्याची पूर्वकथा मात्र अंकाची सर्वांत कच्ची बाजू आहे. 'सिन-ईटर' या खुन्याची कबुली म्हणून ब्रॉकने ज्याची हकीकत छापली तो मनुष्य खुनी नव्हताच. स्पायडर-मॅनने खरा गुन्हेगार पकडला आणि ब्रॉकची नोकरी व संसार दोन्ही गेले. बातमीची खातरजमा न करणारा पत्रकार आपल्या नाशाचे खापर सत्य उघड करणाऱ्यावर फोडतो, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. तरीही ती घडताना दिसत नाही. व्हेनम स्वतःच्या तोंडाने ती भराभर सांगून मोकळा होतो, आणि वेगळ्या मालिकेतील जुन्या कथेला हा दुवा मागाहून जोडल्याचे लपत नाही. ब्रॉकला वृत्तपत्राच्या कचेरीत, चूक उघडी पडण्याच्या क्षणी दाखवणारी दोन पाने जरी असती, तरी त्याचा द्वेष वाचकाच्या मनात मुरला असता.

मॅकफार्लेन यांची रेखाटने या उणिवेची बरीच भरपाई करतात. त्यांनी स्पायडर-मॅनच्या जाळ्याला दोरखंडासारखी पिळदार, गुंतागुंतीची रेघ दिली आणि मुखवट्याचे डोळे मोठे केले. व्हेनमच्या अवजड, काळ्या देहाशेजारी पीटरचे शरीर त्यामुळे अधिकच चपळ आणि तितकेच असुरक्षित भासते. चर्चच्या घंटेत स्पायडर-मॅनला जखडण्याचा प्रसंगही योग्य जागी आला आहे, कारण घंटानादानेच पूर्वी तो पोशाख पीटरपासून सुटला होता. शेवटचा विजय मला विशेष आवडला. व्हेनमचे जाळे त्या पोशाखाच्याच द्रव्यातून तयार होते, हे ओळखून पीटर त्याला ते सतत खर्च करायला लावतो आणि पोशाख थकतो. येथे ताकदीपुढे ताकद नसून निरीक्षण आहे, आणि विज्ञानाचा विद्यार्थी असलेल्या या नायकाला तेच शोभते. त्यानंतर मेरी जेनच्या आग्रहाखातर पीटर त्या परग्रही पोशाखासारखाच दिसणारा आपला साधा काळा पोशाखही टाकतो आणि लाल-निळ्या वेशात परततो.

मूळ प्रत आता संग्राहकांच्या किमतीला जाते, त्यामुळे नव्या वाचकाने पुनर्मुद्रित संग्रहच घ्यावा, आणि त्यात 298 व 299 हे अंक आहेत याची खात्री करूनच पैसे द्यावेत.