शनिवारवाड्याजवळचा पाचवा मजला: मंजूर नकाशात नसलेल्या घराचे पैसे

पुण्यात शनिवारवाड्याच्या आसपास, म्हणजे कसबा, शनिवार किंवा बुधवार पेठेत, जुना वाडा पाडून उभ्या राहणाऱ्या इमारतीत जे घर घेऊ पाहत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या कुटुंबाने कसबा पेठेतील अशाच एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावरील सदनिकेसाठी 28 लाख रुपये भरले. तो पाचवा मजला महापालिकेच्या मंजूर नकाशात कधीच नव्हता, आणि आमच्याकडून पैसे घेतले जात होते तेव्हा विकसकाला ते पक्के ठाऊक होते.

वडिलांचे बालपण नदीकाठच्या एका वाड्यात गेले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या पुरात तो वाडा गेला आणि कुटुंबाला पेठेबाहेर बिऱ्हाड करावे लागले. आईवडिलांचे उतारवय मंडई, कसबा गणपती आणि ओळखीच्या माणसांच्या सोबतीत जावे, एवढ्यासाठी आम्ही पेठेत घर शोधत होतो. विकसकाच्या माणसाने पहिल्याच भेटीत हे सारे विचारून घेतले आणि पुढची प्रत्येक गोष्ट त्याच धाग्याला धरून सांगितली. वडिलांना तो 'काका' म्हणे, मला 'ताई'. "काका, तुम्हाला पुन्हा वाड्यातच राहायला नेतो," हे त्याचे वाक्य आमच्या घरात अजून कोणी विसरलेले नाही.

त्याने दाखवलेले चित्र खरोखरच सुरेख होते. खाली वाहनतळ, वर पाच मजले, रस्त्याकडील दर्शनी बाजूस सागवानी महिरपी, सज्जाखाली केळफुलाच्या नक्षीचे लाकडी हात, दिंडी दरवाजा आणि मध्यभागी उघडा चौक, त्यात तुळशीवृंदावन. पाडल्या जाणाऱ्या वाड्याचे सुरुदार खांब आणि कडीपाटाच्या तुळया जपून काढून त्याच नव्या इमारतीत बसवल्या जातील, असे लेखी आश्वासनही माहितीपत्रकात होते. पेठेत नवी इमारत बांधायचीच असेल तर ती अशी असावी, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. जुन्या वस्तीच्या उंचीला, गल्लीच्या रुंदीला आणि शेजारच्या ओसरीला मान देणारी मध्यम उंचीची इमारत अशक्य नाही. या फसवणुकीचा मला सर्वात जास्त राग येतो तो याच कारणाने, की चांगल्या रचनेबद्दल लोकांना वाटणाऱ्या आस्थेचा इथे आमिष म्हणून वापर झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. शनिवारवाडा हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. 1958 च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून सर्व दिशांना 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील 200 मीटरच्या विनियमित क्षेत्रात बांधकाम करायचे असेल तर राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनुसार सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. हे अंतर सरळ रेषेत मोजतात. विकसकाचा माणूस आम्हाला मात्र गल्लीबोळांतून फिरवत शनिवारवाड्यापासून त्या जागेपर्यंत घेऊन गेला आणि म्हणाला, "बघा, चांगले सहा-सात मिनिटे चालावे लागते, इथे स्मारकाचा नियम कुठला लागतोय?" पुढे नगर भूमापनाच्या नकाशावर मोजल्यावर तो भूखंड विनियमित क्षेत्रात स्पष्टपणे येतो, असे दिसले.

त्याच्या थापेत खरेपणाचा अंश नेहमीच असे. परवानगीबद्दल आम्ही खोदून विचारल्यावर त्याने भूमिका बदलली आणि परवानगी मिळालेलीच आहे, असे सांगून एका पत्राची छायाप्रत दाखवली. भूखंडाचा क्रमांक बरोबर होता, पत्रही खरे होते आणि त्यात इमारतीची उंची 18 मीटर लिहिली होती. तिथेच कागद घेऊन त्याने हिशेब मांडला: वाहनतळ 2.70 मीटर, प्रत्येक मजला 2.90 मीटर, म्हणजे पाच मजल्यांचे 14.50 आणि एकूण 17.20 मीटर. अठराच्या आत सगळे बसते. आम्हाला दाखवलेली छायाप्रत एका पानाची होती. पत्राचे दुसरे पान, जे आमच्या हाती फार उशिरा आले, त्यावर ही 18 मीटर उंची जिन्याची खोली, पाण्याची टाकी आणि कठडा यांच्यासह धरावी, अशी अट होती. गच्चीवरील जिन्याची खोली आणि तिच्यावरची टाकी मिळून 3.60 मीटर होतात. ते धरले की चार मजल्यांची इमारत 17.90 मीटरवर पोहोचते आणि पाच मजल्यांची 20.80 मीटरवर. म्हणजे पाचवा मजला त्या परवानगीत कोणत्याही उपायाने बसत नव्हता. महापालिकेने मंजूर केलेला नकाशा याच अटीप्रमाणे चार मजल्यांचा होता आणि त्यावर विकसकाची स्वतःची सही होती.

मेट्रोचाही असाच उपयोग करण्यात आला. शिवाजीनगरहून स्वारगेटकडे जाणाऱ्या भुयारी मार्गावरील कसबा पेठ स्थानक 29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू होण्याआधी काही महिने आमचा व्यवहार चालला होता, आणि मेट्रो आली की एफएसआय वाढतो, एफएसआय वाढला की मजले वाढतात, असे तो प्रत्येकाला सांगत असे. मेट्रो स्थानकाच्या परिसरात वाढीव एफएसआयची तरतूद आहे, हे खरे. पण एफएसआय म्हणजे भूखंडावर किती क्षेत्र बांधता येईल, याची मर्यादा. समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर ती अवलंबून असते, आणि पेठेतील गल्ल्यांमध्ये रस्तारुंदीची आखणी असेल तर भूखंडाचा काही भाग आधीच वजा होतो. शिवाय स्मारकाजवळची उंची ही वेगळी मर्यादा आहे, तिला एफएसआय किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, ओलांडू शकत नाही. दोन्ही मर्यादा एकाच वेळी पाळाव्या लागतात, एवढी साधी गोष्ट कोणीही सांगू शकला असता, पण सांगणारे सगळे त्याचेच लोक होते.

माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'महारेरा नोंदणीकृत' असे छापून खाली क्रमांक दिला होता. महारेरा म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी आणि नियमन करणारे राज्याचे प्राधिकरण. तो क्रमांक 'ए' या अक्षराने सुरू होत होता. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक 'पी'ने सुरू होतो. 'ए' ही मध्यस्थाची, म्हणजे एजंटची नोंदणी असते. याविषयी विचारल्यावर उत्तर आले की भूखंड 460 चौरस मीटरचा असल्याने प्रकल्पाला नोंदणीची गरजच नाही. हेही अर्धे खरे आहे. 2016 च्या रेरा कायद्यात 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे, आणि पेठांमधील कितीतरी वाड्यांच्या जागा या सुटीत बसतात. या सुटीचा ग्राहकासाठी अर्थ असा की मंजूर नकाशा, मजल्यांची संख्या आणि बांधकामाची प्रगती महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहण्याची सोय राहत नाही. आमच्या विकसकाने नेमके हेच हेरले होते.

तरीही असा प्रकल्प कायद्याच्या बाहेर नसतो. महाराष्ट्राचा 1963 चा सदनिकांविषयीचा कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात, त्याप्रमाणे मंजूर नकाशे पाहायला देणे विकसकावर बंधनकारक आहे, आणि करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. आमच्या सदनिकेची किंमत 1 कोटी 5 लाख ठरली होती. विकसकाच्या फर्मच्या नावे त्याने 18 लाख घेतले, म्हणजे मर्यादेच्या आत. उरलेले 10 लाख 'पारंपरिक दर्शनी भाग व सागवानी काम' या नावाखाली दुसऱ्याच एका भागीदारी संस्थेच्या नावे चेकने घेतले. ही संस्था त्याच्याच घरातील माणसांची निघाली. करारनाम्याऐवजी आमच्या हाती नोटरी केलेला एक 'सामंजस्य करार' ठेवण्यात आला. त्यात मजल्याचा उल्लेख 'प्रस्तावित पाचवा' असा होता. असा कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदला जात नाही, त्याची सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा निबंधक कार्यालयातील उतारा, निघत नाही, आणि तीच सदनिका आणखी कोणाला विकली गेली तर ते कोणालाही कळत नाही.

काम पायापाशीच अडले, तेव्हा आम्हाला सांगण्यात आले की खोदकामात कात्रजच्या जुन्या जलवाहिनीचे बांधकाम सापडले असून पुरातत्त्व खात्याने काम थांबवले आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी मार्गाने शहरातील हौदांपर्यंत आणले गेले, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे. असे काही सापडणे अगदी शक्य असल्यामुळे कोणीही शंका घेतली नाही, उलट वडिलांना त्याचे कौतुकच वाटले. काम थांबवण्याच्या आदेशाची प्रत मागितली की ती 'कार्यालयात आहे' असे उत्तर मिळे. पुढे कळले की असा कोणताही आदेश नव्हता. पाचव्या मजल्यासाठी सुधारित परवानगी मिळवण्याचा त्याचा अर्ज फेटाळला गेला होता आणि वरच्या मजल्याचे पैसे परत द्यावे लागू नयेत म्हणून तो वेळ काढत होता.

खरा प्रकार उघड झाला तो बँकेमुळे. उरलेल्या रकमेसाठी आम्ही गृहकर्जाचा अर्ज केला. तोपर्यंत विकसक "आपण बँक नंतर बघू" म्हणून तो विषय टाळत आला होता. बँकेच्या मूल्यांकनकर्त्याने पहिल्याच दिवशी मंजूर नकाशा मागितला. विकसकाने चित्रांची फाईल पाठवली. ती बाजूला ठेवून मूल्यांकनकर्त्याने मला दूरध्वनीवर विचारले, "मॅडम, तुमची सदनिका नक्की कोणत्या मजल्यावर आहे?" त्यानंतर माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे अर्ज करून मी मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि स्मारकविषयक परवानगीची सर्व पाने मिळवली. ज्या चौकात तुळशीवृंदावन दाखवले होते, तिथे नकाशात दुचाकींचा वाहनतळ आणि एक अरुंद डक्ट आहे. दर्शनी महिरपींचा त्यात मागमूस नाही. वाड्याचे सागवान तर वाडा पाडणाऱ्या ठेकेदाराने तेव्हाच भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये विकून टाकले होते. त्या वाड्यातील एका जुन्या भाडेकरूंनी, ज्यांना स्वतःला पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार अजून मिळालेला नाही, खांब टेंपोत चढताना डोळ्यांनी पाहिले आहेत.

म्हणून ज्यांचा व्यवहार अजून व्हायचा आहे, त्यांनी एक रुपयाही देण्याआधी महापालिकेच्या शिक्क्याचा मंजूर नकाशा मागावा आणि आपला मजला त्यातील छेदचित्रात, म्हणजे इमारत उभी कापून दाखवलेल्या आराखड्यात, स्वतः मोजावा. जागा शनिवारवाड्यापासून 300 मीटरच्या आत असेल तर स्मारकविषयक परवानगीचे प्रत्येक पान पाहावे आणि त्यातील उंची कुठून कुठपर्यंत धरली आहे, ते वाचावे. मिळकत पत्रिकेवर मालक म्हणून कोणाकोणाची नावे आहेत आणि विकसन करार व कुलमुखत्यारपत्र त्या सर्वांनी नोंदवून दिले आहे का, हे वकिलाकडून शोध अहवाल घेऊन तपासावे, कारण वाड्यांच्या मालकीत चार-चार पिढ्यांचे वारस असतात. कर्जाची गरज नसली तरी बँकेकडे अर्ज करावा, कारण बँक जे कागद मागते ते विकसकाला दडवता येत नाहीत. वाहनतळाचे वेगळे पैसे मागणाऱ्याला सांगावे की स्टिल्ट, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेतील, आणि उघड्या वाहनतळाची स्वतंत्र विक्री करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. आमच्याकडून ते पैसेही मागितले गेले होते, आम्ही ते दिले नाहीत.

आमच्यापुरते सांगायचे तर, पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात 28 लाख रुपये व्याजासह परत मिळावेत म्हणून दावा दाखल केला आहे. भरलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडेच करायची असते, आणि वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. दोन्ही संस्थांच्या नावे दिलेल्या चेकच्या नोंदी, माहितीपत्रक, एका पानाची ती छायाप्रत आणि व्हॉट्सअॅपवर आलेले सर्व निरोप आम्ही त्यासोबत जोडले आहेत. त्याच पाचव्या मजल्यावरील दुसऱ्या सदनिकेचे पैसे भरलेले कुटुंब आता आमच्या संपर्कात आहे. एकाच विकसकाविरुद्ध समान तक्रार असणाऱ्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र येता येते, त्याप्रमाणे आम्ही अर्ज केला आहे. पेठांमधील अशा इमारतींत 'प्रस्तावित' मजल्यावर ज्यांनी पैसे गुंतवले आहेत, त्यांनी विकसकाच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता या आठवड्यातच मंजूर नकाशासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकावा. दोन वर्षांची मुदत तो वेळ काढत असतानाही सरतच असते.