गणपती पेठेतलं जुन्या पुस्तकांचं दुकान आणि अस्वलाचा नाच

सांगलीत गणपती पेठेच्या आतल्या गल्लीत जुन्या पुस्तकांचं छोटं दुकान आहे, बोर्ड धड दिसत नाही तरी शोधून जा. मी एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याची पुस्तकं बघायला गेलेले, काकांनी गाव विचारलं, म्हटलं आटपाडीकडचं, वडील धनगरी गजी नाचतात, तर ते उठले आणि माळ्यावरून अमेरिकेतल्या युट आदिवासींच्या नाचांवरचं जाड इंग्रजी पुस्तक काढून दिलं. १८० रुपये. बांधणी खिळखिळी आहे, शेवटची काही पानं नाहीत, ते त्यांनी घ्यायच्या आधीच सांगितलं.

अस्वलाच्या नाचाच्या पानावर मी अडकले. वसंतातला पहिला गडगडाट झाला की अस्वल झोपेतून उठतं, त्या वेळचा हा नाच. खाचा पाडलेल्या काठीवर दुसरी काठी घासायची, खाली पोकळ पेटी, घुर्र घुर्र आवाज निघतो. भोवती फांद्यांचं कुंपण, दार पूर्वेला. आणि जोडीदार बायका निवडतात! कोण लाजून बसलाच तर कॅट मॅन, म्हणजे नाचाची शिस्त राखणारा माणूस, छडी घेऊन त्याला उठवतो.

सन डान्सचं, म्हणजे त्यांच्या सूर्यनाचाचं वाचून मात्र पोटात कालवलं. हा त्यांचा मूळचा नाहीच. व्हाइट रिव्हर एजन्सी म्हणजे युट लोकांवर नेमलेलं सरकारी ठाणं, तिथल्या १८७९ च्या उठावानंतर १८८१ मध्ये कोलोरॅडोतल्या कितीतरी युट लोकांना सैन्य लावून आजच्या युटा राज्यात हाकललं, जमीन गेली, आणि तसल्या दिवसांत १८९० च्या आसपास शोशोनी या दुसऱ्या आदिवासी लोकांकडून त्यांनी हा नाच घेतला. तीन-चार दिवस अन्नपाणी सोडून मधल्या खांबाकडं जायचं, मागं यायचं, आजाऱ्यांसाठी, सगळ्या समाजासाठी ताकद मागायची. सरकारनं १८८३ च्या नियमांत असले नाच गुन्हा ठरवलेले, ते धोरण १९३४ ला बदललं, तोवर हे नाचतच राहिले. मला लगेच आपल्याकडचा १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आठवला, ती माणसं १९५२ ला विमुक्त झाली. वर्गात आमच्या "परंपरा जपली" एवढ्यावर विषय मिटतो, इथं तर सगळं गेल्यावर लोकांनी नवा नाच उभा केलाय, हे शिकवायला पाहिजे.

काका घाई करत नाहीत, स्टुलावर बसून वाचू देतात, जीपे चालतं. धूळ खूप आहे, दम्याचा त्रास असेल तर मास्क न्या.

रात्री वडिलांना फोनवर सगळं मराठीत सांगितलं. ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "त्यांची पोरं नाचत्यात का गं अजून?" म्हटलं हो दादा, कोलोरॅडोत इग्नासिओ म्हणून गाव आहे, तिथं मे संपता संपता सुट्टी असते, तेव्हा अस्वलाच्या नाचाला पोरीबाळी शाली घेऊन रांगेत उभ्या राहतात.