घरच्या मटणासाठी: गावरान कोंबड्या की शेळ्या?

एक-दोन एकर रान, घरात पाच-सहा माणसं आणि विकतचं खाण्यापेक्षा घरचं खावं ही इच्छा. अशा कुटुंबाने कोंबड्या पाळाव्यात की शेळ्या, हे नफ्यावर ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कापल्या दिवशी किती ताटं वाढायची आणि सुरी कोण धरणार, यावर ठरवावं.

दीड किलोच्या गावरान कोंबड्याचं साधारण किलोभर मटण पडतं. संध्याकाळी रस्सा झाला की पातेलं रिकामं. वीस किलोच्या बोकडाचं मात्र नऊ-दहा किलो मटण पडतं. शिवाय मुंडी, पाय, कलेजी, वजडी वेगळीच. एका घराला एवढं संपत नाही, म्हणून गावाकडे चार-पाच घरं मिळून वाटे घालतात. तुमच्या वस्तीवर वाटा घेणारी घरं नसतील तर बोकड जिवंत विकून लागेल तेवढं मटण आणावं.

वेळेचा हिशोबही वेगळा. अंडी 21 दिवसांत उबतात, पण गावरान नर कापण्याजोगा व्हायला पाच-सहा महिने लागतात. गिरिराज, वनराज या सुधारित जातीच्या कोंबड्या लवकर भरतात; मात्र त्या सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाहीत, तेव्हा पिल्लं काढायला एक-दोन गावरान कोंबड्या हव्यातच. शेळी पाच महिने गाभण राहते. उस्मानाबादी शेळीला बऱ्याचदा जुळी होतात, पाटी (मादी करडू) ठेवायची आणि बोकड वाढवायचा. तो ताटात यायला पुढचं जवळपास वर्ष जातं. लहानपणीच खच्ची केलेल्या बोकडाच्या मटणाला उग्र वास येत नाही, हे विसरू नका.

बांधावर सुबाभूळ, शेवरी असेल तर शेळीचा चारा निम्मा सुटतो, पण ती राखायला माणूस लागतो. कोंबड्या सोडल्या की आपल्या आपण चरतात. त्यांना भीती मुंगसाची आणि मानमोडी (राणीखेत) रोगाची. लस चुकली तर खुराडं काही दिवसांत ओस पडतं. शेळ्यांना पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष होण्याच्या रोगाची) लस द्या. जंताचं औषध दिलं असेल तर किती दिवस कापायचं नाही, हे डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा.

खरी कसोटी कापण्याची. आदल्या रात्री कोंबडीला दाणा बंद, पाणी चालू. सुरी धारदारच हवी. बोथट सुरीने जनावराचे हाल होतात, आणि ज्याला आपण दाणा घातला त्याचे हाल करण्याचा आपल्याला हक्क नाही. रक्त पूर्ण निथळू द्यावं. पाणी कढत हवं, उकळतं नको, नाहीतर पिसांबरोबर कातडी सोलून येते. पिसं निघाल्यावर बारीक लव जाळावर भाजावी. कलेजीला चिकटलेली पित्ताची पिशवी फुटली तर मटण कडू होतं, तिथे घाई करू नये. सवय झाली की एका माणसाचं हे अर्ध्या तासाचं काम.

बोकड एकट्याने होत नाही. मागच्या पायांनी टांगायचा, कातडं सुरीपेक्षा मुठीने सोडवायचं म्हणजे ते फाटत नाही, आणि केस मटणाला लागू द्यायचे नाहीत. आतडं फुटलं तर मटण खराब होतं. पहिल्या वेळी मुलाणी किंवा खाटीक बोलवा आणि शेजारी उभं राहून शिका. गाभण शेळी कधीच कापू नका. नगरपालिका हद्दीत असाल तर केंद्र सरकारच्या 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार बोकड मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच कापावा लागतो.

पोरांचाही विचार करा. शेळीचं करडू पोरांच्या मागे मागे हिंडतं, आणि कापायच्या दिवशी घर गप्प होतं. त्यांना आधीपासून खरं सांगावं, लपवू नये.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी आठ-दहा कोंबड्या आणि एक नर असंच सांगेन. वर्षभर कापायची सवय झाली, वाटा घेणारी भावकी जवळ असली आणि राखायला माणूस मिळाला, तर मग दोन शेळ्या आणा.