जीलिबसीचं ‘एफपीयू_कंट्रोल.एच’: नाव तेच, अर्थ उलटा

लिनक्सवर फ्लोटिंग पॉइंटचं (दशांश अपूर्णांकांच्या गणिताचं) कंट्रोल रजिस्टर, म्हणजे त्या गणिताच्या सेटिंग्जचे बिट ठेवणारी प्रोसेसरमधली जागा, थेट हाताळायला जीलिबसी ही सी भाषेची लायब्ररी हे हेडर देते. कुपवाड-मिरज एमआयडीसीत भट्टीच्या तापमानाचा किंवा वजनकाट्याचा कोड इंटेलच्या लॅपटॉपवर लिहून एआरएम बोर्डावर चढवणाऱ्यांनी यापासून लांबच राहावं.

ते रजिस्टर वाचणारा गेटसीडब्ल्यू आणि त्यात लिहिणारा सेटसीडब्ल्यू हे दोन मॅक्रो बहुतेक ठिकाणी सारखे आहेत, एवढीच जमेची बाजू. खरा घोळ मास्कमध्ये, म्हणजे रजिस्टरमधला ठरावीक बिट दाखवणाऱ्या नावांमध्ये आहे. एक्स८६ (इंटेल) वर ‘मास्क_आयएम’ बिट १ केला की अवैध गणिताचा ट्रॅप (चूक होताच प्रोग्राम थांबवणारा इशारा) बंद होतो. ३२-बिट एआरएमवर नाव अक्षरशः तेच, पण बिट १ म्हणजे ट्रॅप चालू. म्हणूनच डिफॉल्ट मूल्य एकीकडे हेक्स ०३७एफ आणि दुसरीकडे चक्क शून्य. बिट उतरवून (० करून) ट्रॅप चालू करणारी ओळ ३२-बिट एक्स८६ वर बरोबर चालते. बोर्डावर कंपाइलर काही कुरकुर करत नाही आणि ट्रॅप मात्र बंदच राहतात. मग शून्य भागिले शून्यातून नॅन (‘संख्या नाही’ असं मूल्य) निघतो, नॅनशी केलेली ‘पेक्षा मोठा’ तुलना कायम खोटी ठरते, आणि ‘तापमान मर्यादेपेक्षा जास्त’ हा अलार्म कधीच वाजत नाही.

‘इनएक्झॅक्ट’ची (उत्तर नेमकं न बसल्याने गोल करावं लागलं, याच्या मास्कची) नावं तर बघा: एक्स८६ वर पीएम, पॉवरपीसीवर एक्सएम, ६४-बिट एआरएमवर आयएक्सई, मिप्सवर नुसतं आय. मिप्सवरच्या अवैध गणिताला व्ही म्हणतात. तिथे आय म्हणजे इनव्हॅलिड समजून ट्रॅप लावला, तर १ भागिले ३ केलं तरी प्रोग्राम एसआयजीएफपीई (गणिताच्या चुकीचा सिग्नल) खाऊन पडतो. त्या मानाने ६४-बिट एआरएमचं हेडर बरं: मास्कची नावंच वेगळी, त्यामुळे जुना कोड कंपाइलच होत नाही. चूक टेबलावरच पकडली जाते.

६४-बिट एक्स८६ वर आणखी एक गोम आहे. सेटसीडब्ल्यू फक्त एक्स८७ ला, म्हणजे जुन्या गणित-युनिटला, हात लावतं. डबलचं (६४-बिट अपूर्णांकांचं) गणित चालतं एसएसई या नव्या युनिटमध्ये, त्याचं रजिस्टर एमएक्ससीएसआर वेगळं, त्यामुळे तिथला ट्रॅप चालू होत नाही.

त्यापेक्षा सी भाषेचं प्रमाणित हेडर ‘फेन्व्ह.एच’ वापरा. एफई_इनव्हॅलिड, एफई_डिव्हबायझीरो यांचा अर्थ प्रोसेसरागणिक बदलत नाही. जीएनयू_सोर्स डिफाइन करा, ट्रॅप चालू करणारं फीएनेबलएक्सेप्ट बोलवा आणि परतीचं मूल्य तपासाच. कॉर्टेक्स-ए५३, ए७२ या एआरएम प्रोसेसरांमध्ये ट्रॅपची सोयच नाही, तिथे उणे १ मिळतं. अशा वेळी गणिताआधी फीक्लिअरएक्सेप्टने चुकीच्या खुणा पुसा, नंतर फीटेस्टएक्सेप्टने त्या तपासा. ‘फास्ट-मॅथ’ पर्याय देऊ नका, नॅनच्या तपासण्या कंपाइलर सरळ उडवू शकतो.

३२-बिट एक्स८६ वर एक्स८७ ची अचूकता ८० बिटांवरून डबलवर आणायची असेल, तर मात्र हेच हेडर लागतं. फेन्व्हमध्ये त्याला जागा नाही. पण तिथेही प्रोसेसरला एसएसई२ असेल, तर जीसीसी कंपाइलरला ‘एफपीमॅथ=एसएसई’ सांगून मोकळं व्हा.