एसएस ग्रेट ब्रिटन, ब्रिस्टल : हे जहाज तळापासून बघा

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये हे जुनं लोखंडी वाफेचं जहाज आता संग्रहालय आहे. तिकीट काढल्यावर डेकवर चढायची घाई करू नका. आधी गोदीत उतरा. १८३९ ते १८४३ मध्ये हे जहाज ज्या सुक्या गोदीत बांधलं, तिथेच ते आज उभं आहे. पाणरेषेच्या पातळीवर काचेचं छत आहे आणि काचेवर पाण्याचा पातळ थर खेळवलाय. वरून जहाज तरंगताना दिसतं, खाली ९८ मीटर लांबीचा लोखंडी तळ उघडा सापडतो.

खालची हवा उबदार आणि वाळवंटासारखी कोरडी असते. समुद्राचं मीठ लोखंडात इतकं मुरलंय की हवेत दमटपणा मिळाला की गंज पुन्हा धरतो. म्हणून यंत्रं हवा सुकवून तळाभोवती फिरवतात आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. एकावर एक चढवून रिव्हेट मारलेले पत्रे नीट बघा, काही ठिकाणी गंजून भोकं पडलीत. उजव्या कुशीवरची मोठी चीर तर चुकवूच नका. १९७० मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांहून, जिथे ते पडून होतं, जहाज परत आणताना ती बुजवायला गाद्या कोंबल्या होत्या.

वर इंजिनाची पूर्ण आकाराची प्रतिकृती विजेवर फिरते. मूळ आराखडा दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारखी चाकं फिरवून जहाज चालवायचा होता. १८४० साली जहाजाचा अभियंता ब्रुनेलने त्याऐवजी पाण्याखाली फिरणारा पंखा (प्रोपेलर) लावायचं ठरवलं. इंजिनाची गती पंख्याला पुरेना, म्हणून जाड साखळ्यांनी ती सुमारे तिप्पट केली. इथे निवांत थांबा. केबिनमधले पुतळे आणि मुद्दाम सोडलेले वास मुलांना आवडतील, मोठ्यांचं ते लवकर बघून होतं. याच जहाजातून १८५७ च्या उठावाच्या वेळी ब्रिटिश लष्कराच्या १७ व्या लान्सर्स पलटणीचं घोडदळ मुंबईत उतरलं होतं, हे मात्र लक्षात असू द्या.

बंदर म्हणून ब्रिस्टल मागे का पडलं, ते जहाज सोडून बाहेर गेल्यावर कळतं. पश्चिमेला काठाने चालत अंडरफॉल यार्ड आणि कंबरलँड बेसिनपर्यंत, म्हणजे बंदर एव्हन नदीला मिळतं तिथपर्यंत जा. एव्हन नदीच्या मुखाशी उधाणाला पाण्याची पातळी १२ मीटरहून जास्त चढते-उतरते. ओहोटीला जहाजं चिखलात बसायची, म्हणून १८०४ ते १८०९ मध्ये जेसप या अभियंत्याने दरवाजे घालून बंदरातलं पाणी अडवलं. पाणी अडलं तसा गाळही साचू लागला. तो ओहोटीच्या वेळी नदीत सोडायला अंडरफॉलच्या झडपा आहेत. दरवाजे मात्र अरुंदच राहिले. १८४४ च्या डिसेंबरात हेच जहाज तिथे अडकलं, तेव्हा काठाचे दगड काढून ते बाहेर काढावं लागलं. १८४५ ची न्यूयॉर्कची पहिली फेरी लिव्हरपूलहून निघाली. ब्रिस्टलच्या बंदराचे चढे दरही त्याला कारण होते.

जहाजाला तीन तास हवेत. नदीच्या मुखावरच्या एव्हनमाउथचं भरतीचं कोष्टक बघून ओहोटीची वेळ गाठा, म्हणजे नदीतला चिखल उघडा दिसेल. वेळ उरला तर एम शेड या शहराच्या संग्रहालयात गुलामांच्या व्यापाराचं दालन बघा. या बंदराचा पैसा मोठ्या प्रमाणात त्या व्यापारातून आला, आणि ग्रेट ब्रिटनच्या डेकवर ते कळत नाही.