‘४८ व्होल्ट २० एएच, वजन फक्त सव्वादोन किलो’: ई-सायकलची बॅटरी घेताना कुठे फसतो माणूस

जुन्या सायकलला हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी) लावून घरीच ई-सायकल करायची, तर मोटर, तिला वीज सोडणारा कंट्रोलर, थ्रॉटल आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे कटऑफ यांना मिळून जेवढे पैसे जातात, जवळपास तेवढे एकट्या बॅटरीला जातात. शिवाय बाकी सगळं उघड्यावर असतं, बॅटरी मात्र हीट-श्रिंकमध्ये, म्हणजे घट्ट बसणाऱ्या निळ्या प्लास्टिकमध्ये बंद. वरून ‘आवरण फाडल्यास वॉरंटी रद्द’ असं स्टिकर. सगळी गोम या स्टिकरमध्ये आहे.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये अलीकडे असा एक पॅक उघडला. विक्रेत्याचं नाव देत नाही. हाच माल वेगवेगळ्या लेबलांनी फिरतो आहे. लेबल होतं ४८ व्होल्ट, २० एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता), वजन २.२ किलो. अर्धे पैसे आगाऊ यूपीआयवर, बिल कच्चं, आणि वर आश्वासन: ‘पन्हाळा एका दमात चढतंय बघ भावा, नाद खुळा पिकअप!’

आता हिशेब करू. ४८ गुणिले २० म्हणजे ९६० वॅट-तास. चांगल्यात चांगला १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) साधारण ३५०० एमएएचचा, म्हणजे साडेतीन एएचचा असतो आणि त्याचं वजन ४८ ग्रॅमच्या आसपास भरतं. ४८ व्होल्टच्या पॅकमध्ये असे १३ सेल सिरीजमध्ये लागतात आणि २० एएचसाठी सहा-सहा समांतर, म्हणजे ७८ सेल. नुसत्या सेलचंच वजन पावणेचार किलो झालं. सेल जोडणाऱ्या पट्ट्या, होल्डर, बीएमएस (धोका दिसला की प्रवाह तोडणारं सर्किट), वायर वेगळं. तेव्हा २.२ किलोचा आकडा हाच गुन्ह्याचा कबुलीजबाब होता, तोही विक्रेत्याने स्वतः छापलेला. ‘हलकी’ आणि ‘दमदार’ हे दोन्ही शब्द एकाच लेबलवर दिसले की आधी तराजू काढावा. आणि १८६५० सेलवर ५००० किंवा ९९०० एमएएच छापलेलं असेल, तर पुढे बोलायचीही गरज नाही.

आवरण काढल्यावर आत ७८ च्या जागी ३९ सेल निघाले, तीन-तीन समांतर. उरलेली जागा एमडीएफच्या तुकड्यांनी भरलेली. सेलवरचं गुलाबी वेष्टन कोरं करकरीत, पण एकाचं सोलल्यावर खाली ऋण टोकावर घासल्याच्या रेघा आणि जुन्या स्पॉट वेल्डिंगचे ठिपके. नव्या पट्टीचे ठिपके त्यांच्या शेजारी. म्हणजे लॅपटॉपच्या बाद बॅटऱ्यांतून काढलेला माल. धन टोकावर फिश पेपरची (वीजरोधक जाड कागदाची) चकती हवी, ती एकाही सेलला नव्हती. तिथे धन टोक आणि सेलची ऋण कड यांत मिलिमीटरभरच अंतर असतं. खड्ड्यांतून हादरे बसून वेष्टन झिजलं की शॉर्ट. पट्ट्यांच्या कडांना तांबूस गंज होता. शुद्ध निकेलला असा गंज चढत नाही, ही निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी. पुष्कळ जण चुंबक लावून बघतात, त्याचा उपयोग नाही, निकेलही चुंबकाला चिकटतं. पट्टीवर खोल ओरखडा ओढून ती रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवायची, सकाळी खरंखोटं दिसतं.

मग घेताना हे कळलं का नाही? कारण विक्रेता मल्टिमीटर लावून ५४.६ व्होल्ट दाखवतो, आणि तो आकडा खराच असतो. टाकी किती उंचावर आहे हे कळलं, म्हणून तिच्यात पाणी किती हे कळत नाही. चाचणीची चक्करही रंकाळ्याच्या बाजूने सपाटीवर. तिथे ५-६ अँपिअर लागतात, तेवढे म्हातारे सेलही देतात.

खरी परीक्षा पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या पुढे. चढाला २० अँपिअर ओढले की बघा काय होतं. जुन्या सेलचा अंतर्गत रोध सहज १०० मिलिओहम असतो. तीन समांतर, तेरा सिरीज धरून पॅकचा झाला ४३३ मिलिओहम. म्हणजे साडेआठ व्होल्टच्या वर घसरण. ४८ वरून ३९ वर आलं की कंट्रोलर बंद. मिनिटभर थांबलं की व्होल्टेज पुन्हा वर येतं, सायकल चालू होते, आणि माणूस कंट्रोलरला दोष देत बसतो. दरम्यान १७० वॅटची उष्णता पॅकच्या पोटातच जिरते. चांगल्या सेलचा, योग्य जोडणीचा पॅक अशा वेळी दोनेक व्होल्टच खाली येतो.

तक्रार घेऊन गेलं, की पुढचा सल्ला याहून घातक: ‘बीएमएस बायपास करून देतो.’ म्हणजे बीएमएसची बी-मायनस (सेलकडची) आणि पी-मायनस (बाहेरची) ही ऋण टोकं वायरीने थेट जोडून टाकायची. मग सेल मरेपर्यंत पिळला तरी तोडणारं कोणी नाही. अजिबात करू देऊ नका. चार्जरही तपासा. १३ सिरीजला ५४.६ व्होल्टचा लिथियम चार्जर लागतो. ‘४८ व्होल्ट’ एवढंच वाचून लेड-ॲसिडचा लावला, तर तो ५७.६ किंवा त्याहून वर जातो. दर सेलला ४.२ च्या जागी ४.४ व्होल्टच्या वर. घरात आग लागायला तेवढं पुरतं.

आवरण न फाडता क्षमता मोजायचा खात्रीचा उपाय म्हणजे बल्ब. मोटारीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे चार एकसारखे हॅलोजन बल्ब एकामागोमाग सिरीजमध्ये जोडा, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज टाका, सगळं उघड्या फरशीवर ठेवा. बल्ब प्रचंड तापतात, कागद-कापड जवळ नको, आणि सोडून जायचं नाही. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी जोरात करंट ओढतं, तेव्हा बीएमएसने एकदा तोडलं तर घाबरू नका, पुन्हा जोडा. नंतर प्रवाह साडेचार अँपिअरच्या आसपास स्थिर राहतो. घड्याळ लावा, ४० व्होल्टला थांबवा. २० एएचचा पॅक चार तासांच्या वर जळला पाहिजे. वर सांगितलेला तासाभरात आटोपला. बल्ब चालू असताना बॅलन्स कनेक्टर (सेलच्या एकेका समांतर गटाची वायर जिथे येते तो पिनांचा जोड) हाताला लागत असेल, तर शेजारच्या दोन-दोन पिनांत व्होल्टेज बघा. बाकीचे गट ३.५ वर आणि एखादाच २.८ वर, तर तो गट मेलेला आहे. मल्टिमीटरची दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका, ठिणगी मोठी उडते.

विक्रेत्याला आधीच सांगा: उरलेले पैसे बल्ब लावून बघितल्यावर. खरा माल विकणारा कुरकुरेल, पण तयार होईल.

मोटरचं थोडक्यात. ‘१००० वॅट, आरटीओची भानगड नाही’ ही दोन्ही वाक्यं एका सायकलला एकत्र खरी असूच शकत नाहीत. नोंदणीतून सूट आहे ती २५० वॅटपर्यंत, ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंतच्या वजनाला.

फसला असाल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. कच्चं बिल, यूपीआयचा तपशील, लेबलचा आणि तराजूवर ठेवलेल्या पॅकचा फोटो, बल्बच्या चाचणीचा घड्याळासकट व्हिडिओ, एवढं जपून ठेवा. पॅक भंगारवाल्याला देऊ नका. तो पुरावा आहे, आणि तेच सेल नवं वेष्टन घालून परत बाजारात येतात. निकाल लागेपर्यंत तो अर्धवट चार्ज करून, वायरींची तोंडं टेपने झाकून, घराबाहेर सावलीत पत्र्याच्या डब्यात ठेवा.