पूर्वेचा अपुरा बायपास की पश्चिमेचा न झालेला रिंग रोड: इंदुरात जागा घेणाऱ्यांसाठी तुलना

इंदुरात घरासाठी किंवा छोट्या गोदामासाठी जागा शोधणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे सध्या दोन प्रकारचे प्रस्ताव हमखास येतात. पहिला मांगलियापासून राऊपर्यंत शहराच्या पूर्वेकडून जाणाऱ्या बायपासलगतचा, जिथे रस्ता वर्षानुवर्षे वाहता आहे, मात्र मोठ्या चौकांवरील उड्डाणपुलांची कामे एकामागून एक निघत राहिली आहेत. दुसरा शिप्रा गावापासून पीथमपूरच्या नेट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या परिसरापर्यंत आखलेल्या, सुमारे 64 किलोमीटरच्या सहापदरी पश्चिम रिंग रोडलगतचा. हा रस्ता दलालांच्या नकाशावर जमिनीपेक्षा बराच आधी पूर्ण झालेला आहे. दोन्हीकडे ‘थोडा उशीर लागेल’ हेच उत्तर मिळते. हे दोन उशीर एका जातीचे नाहीत, आणि चौरस फुटाच्या भावाआधी तो फरक तपासावा, असे माझे मत आहे.

पूर्वेकडचा उशीर बांधकामाचा आहे. जुन्या आग्रा-मुंबई मार्गाची जड वाहतूक शहराबाहेरून जावी म्हणून हा बायपास झाला आणि पुढे शहरच त्याच्यापर्यंत पोहोचून पलीकडे पसरले. त्यामुळे बिचोली, कनाडिया, एमआर-10 हा शहराचा मुख्य रस्ता, खंडवा रोडवरचे तेजाजी नगर अशा प्रत्येक ठिकाणी शहरात जाणारी-येणारी वाहने आणि महामार्गावरचे ट्रक एकमेकांना छेदू लागले. त्यावरचा उपाय उड्डाणपूल किंवा अंडरपास हाच आहे, पण तो बांधताना मुख्य मार्ग बंद करून सगळी वाहतूक सर्व्हिस रोडवर उतरवावी लागते. हा सर्व्हिस रोड वस्तीतल्या दुचाकी आणि शाळेच्या बस यांच्यासाठी केलेला असतो. भरलेल्या ट्रकांखाली तो एका पावसाळ्यात उखडतो. जून 2025 मध्ये इंदूर-देवास महामार्गावर अर्जुन बडोदाजवळ पुलाचे काम चालू असताना जी प्रचंड कोंडी झाली आणि जिचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले, तिच्या मुळाशी पर्यायी रस्त्याची ही कमतरताच होती. म्हणून पूर्वेकडे जागा पाहताना पूल कधी होणार हे विचारण्याआधी वळणरस्ता डांबरी आहे की मुरमाचा आणि त्याला पाण्याचा निचरा आहे की नाही, हे जुलै-ऑगस्टमध्ये स्वतः जाऊन पाहावे.

तरीही या उशिराची एक जमेची बाजू आहे: तो डोळ्यांनी मोजता येतो. जमीन बहुतांशी आधीच सरकारच्या ताब्यात असल्याने राहिलेला प्रश्न निधीचा, ठेकेदाराचा, विजेच्या आणि पाण्याच्या वाहिन्या हलवण्याचा आणि पावसाचा असतो. खांब उभे राहिले आणि गर्डर चढू लागले की पुढचा अंदाज बांधणे सामान्य माणसालाही जमते.

पश्चिमेचा उशीर जमिनीचा आहे, आणि तो रस्त्यावर उभे राहून दिसत नाही. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमानुसार आधी जमीन घेण्याचा इरादा सांगणारी कलम 3ए ची अधिसूचना निघते, त्यावर 21 दिवसांत हरकती घेता येतात, आणि एका वर्षाच्या आत कलम 3डी ची, म्हणजे संपादनाची, घोषणा झाली नाही तर पहिली अधिसूचना निष्प्रभ होते. न्यायालयाची स्थगिती असेल तर तेवढा काळ यातून वगळला जातो. 3डी झाल्यावर जमीन कायद्याने केंद्र सरकारची होते, पण प्रत्यक्ष ताबा मोबदल्याची रक्कम जमा झाल्यावर आणि 60 दिवसांची नोटीस दिल्यावरच घेता येतो. 1 जानेवारी 2015 पासून मोबदल्याची मोजणी 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या तरतुदींनुसार होते. कागदावर हे सुटसुटीत दिसते. हातोद, देपालपूर, सांवेर या पट्ट्यातल्या काळ्या जमिनीचा बाजारभाव आणि सरकारी गाइडलाइन (सरकारने ठरवलेला दर) यांत जे अंतर आहे, त्यावर मात्र शेतकरी अडून बसतात, आणि त्यांचे चुकते असे म्हणवत नाही. सुपीक बीघाभर जमीन एकदाच जाते.

यापुढचा मुद्दा ग्राहकाला सहसा कोणी समजावून सांगत नाही. हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीच्या (सरकार काही रक्कम बांधकामाच्या काळात आणि उरलेली नंतर हप्त्यांनी देते) कामात साधारण 80 टक्के जमीन हाती आली की कामाची नियत तारीख, म्हणजे जिथून मुदत मोजली जाते ती, धरता येते. म्हणजे ‘काम सुरू झाले’ ही बातमी खरी असूनही पाचवा हिस्सा जमीन अडकलेली असू शकते, आणि ती बहुधा वाद असलेल्या गावांत, रेल्वे ओलांडण्याच्या जागी किंवा मोठ्या चौकाच्या तोंडाशी असते. सरळ महामार्गात असा तुकडा राहिला तर वाहने तेवढ्यापुरती जुन्या रस्त्यावर उतरतात. वळसा घालणाऱ्या रस्त्याला समांतर जुना रस्ताच नसतो, त्यामुळे मधले तीन किलोमीटर राहिले तर दोन्ही बाजूंचे पूर्ण झालेले तुकडे ट्रकांना गावातल्या एकपदरी रस्त्यावर आणून सोडतात.

टप्प्याटप्प्याने रस्ता उघडणे म्हणूनच वाईट नाही. पहिला टप्पा कुठे संपतो हे महत्त्वाचे. गुजरातमधला अहमदाबाद-वडोदरा द्रुतगती मार्ग अहमदाबादकडून नडियादपर्यंत 2003 मध्ये आणि पुढे वडोदऱ्यापर्यंत 2004 मध्ये खुला झाला. नडियादला जुना महामार्ग जवळच होता, तेव्हा अर्धा मार्गही उपयोगी पडला. आपल्याकडे धामनोदच्या अलीकडच्या गणपती घाटात उतरणाऱ्या वाहनांसाठी सुमारे 9 किलोमीटरचा वेगळा रस्ता 2024 च्या अखेरीस खुला झाला आणि चढणारी वाहने जुन्याच घाटात राहिली. धुळे-नाशिककडे गाडीने जाणाऱ्यांना त्याचा लाभ ठाऊक आहे. दोन्ही उदाहरणांत तुकड्याची दोन्ही टोके सक्षम रस्त्याला मिळत होती. पश्चिम रिंग रोडच्या बाबतीत ही अट दोन्ही शेवटांजवळच, म्हणजे राष्ट्रीय महामार्गाला मिळणाऱ्या भागातच पुरी होते.

उज्जैनचा सिंहस्थ 2028 मध्ये आहे, त्यामुळे पश्चिमेचे काम रेटले जाईल असा युक्तिवाद विक्रेते करतात. तो निराधार नाही. मात्र ठरलेल्या मुहूर्तापुढे घाई झाली की मुख्य मार्ग आधी मोकळा केला जातो आणि सर्व्हिस रोड, नाल्या, दिवे, गावांचे अंडरपास मागे पडतात. प्लॉटधारकाचे रोजचे जगणे नेमके या मागे पडलेल्या कामांवर चालते. शिवाय अशा नव्या मार्गांवर प्रवेश ठरावीक ठिकाणीच दिला जातो. ‘रिंग रोड टच’ या शब्दांवर भुलून घेतलेल्या जागेतून गाडी रस्त्यावर काढण्यासाठी चार किलोमीटर वळसा पडू शकतो.

तेव्हा दोन-तीन वर्षांत राहायला जायचे असेल, तर मी पूर्वेकडची जागा निवडण्याचा सल्ला देईन, आणि तीही बायपासच्या शहराकडच्या बाजूची, म्हणजे मुलांच्या शाळेसाठी किंवा राजवाड्याकडे येण्यासाठी बायपास ओलांडावा लागणार नाही अशी. पुलाचे काम चालू असलेल्या चौकापासून किलोमीटर-दीड किलोमीटर दूर राहिलेले बरे. पश्चिमेकडे पैसे गुंतवायचे तर ते अडकून पडले तरी चालतील असेच असावेत. गोदामाचा विचार असेल तर पीथमपूरकडचे टोक, जिथे आजही महामार्ग आणि कारखाने आहेत, मधल्या गावांपेक्षा सरस ठरते. मात्र रजिस्ट्रीपूर्वी खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक राजपत्रातल्या 3ए आणि 3डी च्या याद्यांशी जुळवून पाहा, डायवर्शन (शेतजमिनीचा बिगरशेती वापर) आणि नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) विभागाची मंजुरी मूळ कागदावर पाहा, आणि खसऱ्याचा काही भाग संपादनात जाणार असल्यास उरलेल्या भागाला वाट कुठून राहते हे पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) नकाशावर दाखवून घ्या.

पूर्वेकडचा एक भाग या सल्ल्यातून मी वगळतो, तो तेजाजी नगरचा. सिमरोल-बलवाड्याकडचा खंडवा रोड रुंद झाल्यावर ओंकारेश्वर, बुऱ्हाणपूर आणि पलीकडच्या खानदेशाची वाहतूक बायपासला इथेच येऊन मिळणार आहे. त्या चौकातून सर्व वाहतूक सुरळीत जाताना दिसेपर्यंत तिथे घर घेण्याची घाई करू नये.